फियाट तंजावरला जाऊन आली

"अहो, ही गाडी घेऊन तंजावरला? आणि परतही हिच्यातूनच येणार?"

तळमजल्यावरच्या काकांनी हे विचारलं तेव्हा मी डिकीत पाण्याचा कॅन ठेवत होतो. काकांचा प्रश्न काही चुकीचा नव्हता. पुणे ते तंजावर म्हणजे एका बाजूचे जवळजवळ साडेबाराशे किलोमीटर. आमची गाडी १९६६ सालची फियाट ११०० डिलाइट, माझ्याहून एका वर्षानं मोठी. गेली कित्येक वर्षं तिचा मोठ्यात मोठा प्रवास म्हणजे रविवारी सकाळी सिंहगडाच्या पायथ्यापर्यंत जाऊन येणं. मी काकांना म्हटलं, "नाही जमलं तर ट्रकवर घालून आणू." ते हसले. माझ्या मनात मात्र तीच धास्ती होती.

ही गाडी अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, १९७८ मध्ये साताऱ्यात एका डॉक्टरांकडून जुनी म्हणून घेतली. त्या काळात नवी फियाट घ्यायची म्हणजे नंबर लावायचा आणि वर्षानुवर्षं वाट बघायची. बँकेतल्या नोकरदार माणसानं जुनीच घ्यावी हे ओघानंच आलं. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली. तिच्या मुंबईतल्या कुर्ल्याच्या कारखान्यात १९५० च्या दशकात फियाट ११०० तयार होऊ लागली. तिच्या पहिल्या गोलमटोल अवताराला लोक प्रेमानं 'डुक्कर फियाट' म्हणत. पुढे डिलाइट आली आणि १९७० च्या दशकात हीच गाडी 'पद्मिनी' झाली. नाव बदललं, पण १०८९ सीसीचं इंजिन आणि स्टिअरिंगला लागून असलेला गिअरचा दांडा तसाच राहिला. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीत बसलेल्या प्रत्येकाला तो दांडा आठवत असेल.

अण्णा २०११ मध्ये गेले. त्यानंतर गाडी माझ्याकडे आली. मी तिला रंग दिला, क्रोमच्या पट्ट्या चकाचक केल्या, सीटला नवी कव्हरं घातली. जुन्या मोटारींच्या एका प्रदर्शनात ती उभी केली तेव्हा लोकांनी तिच्यासोबत फोटो काढले. मला वाटायचं, अण्णांची गाडी मी छान सांभाळली आहे.

प्रश्न उभा राहिला तो कागदपत्रांमुळे. गाडीचं रजिस्ट्रेशन २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये संपणार होतं. जुन्या मोटारीचं रजिस्ट्रेशन दर पाच वर्षांनी नवं करून घ्यावं लागतं आणि त्यासाठी गाडी तपासणीत पास व्हावी लागते. माझ्या ओळखीच्या एका एजंटानं दुसरी वाट सुचवली. म्हणाला, "साहेब, व्हिंटेजमध्ये घालून टाका. दहा वर्षं बघायला नको." केंद्र सरकारनं २०२१ मध्ये तसा नियम केला आहे. ५० वर्षांहून जुनी आणि मूळ स्वरूपात राखलेली खासगी गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. २० हजार रुपये शुल्क भरायचं, दहा वर्षांची मुदत मिळते. ऐकायला उत्तम. पण त्यात एक अट आहे. अशी गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, अभ्यास, पेट्रोल भरणं किंवा दुरुस्ती, एवढ्यासाठीच बाहेर काढायची.

मला त्यात काही वावगं वाटलं नाही. तशी ती कुठे रोज बाहेर पडत होती! रात्री जेवताना मी हे घरात सांगितलं. बायको भाजी वाढता वाढता थांबली.

"म्हणजे ती आता गाडी राहणार नाही. शोकेसमधली बाहुली होणार."

"तशीही कुठे चालते फारशी?"

"चालत नाही, कारण तुम्ही चालवत नाही. दर रविवारी पुसता मात्र. अण्णा पुसायचे कमी आणि चालवायचे जास्त. एकदा लांब नेऊन बघा. झेपलं नाही तर खुशाल व्हिंटेजमध्ये घाला, मी एक शब्द बोलणार नाही."

आई शेजारीच बसली होती. तिचं वय चौऱ्याऐंशी. ती काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र तिनं कपाटातून अण्णांची एक डायरी काढून माझ्यापुढे ठेवली.

डायरी १९८५ सालची. अण्णांचं अक्षर बारीक, एकसारखं. गाडीच्या खर्चाच्या नोंदी होत्या. ऑईल बदललं, प्लग साफ केले, मागचं डावं टायर शिवलं. मग मधल्या दोन पानांवर एक मोठा बेत लिहिलेला. सातारा, बेळगाव, चित्रदुर्ग, बंगलोर, सेलम, तंजावर. प्रत्येक टप्प्याचं अंतर, पेट्रोलचा अंदाज, मुक्कामाच्या जागा. खाली लिहिलं होतं : 'शिलालेख. सरस्वती महाल.' अण्णांना इतिहासाचं आणि मोडी वाचनाचं वेड होतं. बँकेतून आले की जुनी कागदपत्रं भिंगाखाली धरून बसत. महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांनी तिकडे राज्य स्थापलं आणि त्यांच्या वंशाचा इतिहास तिथल्या बृहदीश्वराच्या देवळात मराठीत कोरलेला आहे, हे त्यांनी आम्हाला लहानपणी किती वेळा सांगितलं असेल!

बेताच्या पुढच्या पानावर दोनच ओळी होत्या. 'चार टायर. पुढच्या वर्षी.' आणि त्याखाली माझ्या नावापुढे खासगी इंजिनिअरिंग कॉलेजच्या फीची रक्कम.

मी आईकडे बघितलं. ती म्हणाली, "पुढच्या वर्षी काही ते वर्ष आलं नाही. नंतर तुझ्या बहिणीचं लग्न, मग घर. त्यांनी कधी बोलून नाही दाखवलं. मीही विसरले होते. काल तुमचं बोलणं ऐकलं आणि आठवलं."

अठ्ठावन्नाव्या वर्षी माणसाला आपल्या वडिलांनी काय सोडलं हे डायरीतून कळावं, हे काही बरं नाही. पण तसं झालं खरं. तंजावरचा बेत त्या सकाळीच नक्की झाला.

आमचे मिस्त्री सत्तरीचे आहेत. त्यांना बेत सांगितला तेव्हा ते आधी गाडीखाली शिरले. बाहेर येऊन म्हणाले, "पॉलिश छान आहे. बाकी सगळं बघावं लागेल." पुढचा दीड महिना त्यात गेला. रेडिएटर उघडून साफ केला तेव्हा आतून गाळाचा नुसता चिखल निघाला. डायनॅमोचे कार्बन बदलले. पॉइंट, कंडेन्सर, प्लग नवे. पेट्रोलचे रबरी पाईप सगळे काढून नवे टाकले, कारण आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि जुन्या रबराला ते मानवत नाही. जुनं रबर त्यानं फुगतं, मग चिरतं.

सुटे भाग मिळवणं हे वेगळंच प्रकरण होतं. मुंबईच्या रस्त्यांवर पद्मिनी टॅक्सी धावत होत्या तोवर फियाटचा कुठलाही भाग मिळत असे. शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदवलेली होती. टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा असल्यामुळे २०२३ च्या ऑक्टोबरअखेर तीही निवृत्त झाली. गिऱ्हाईक संपलं तसा दुकानदारांनी माल आणणं कमी केलं. दोन चकरा मारून मी फॅन बेल्ट, फ्युएल पंपाचा पडदा, पॉइंटचे दोन सेट आणि ब्रेकचे रबरी कप जमवले. मिस्त्रींनी ते सगळं एका बिस्किटाच्या डब्यात भरून दिलं आणि बजावलं, "साठच्या वर काटा न्यायचा नाही. दर दोन तासांनी बॉनेट उघडायचं. आणि रात्री चालवायची नाही, दिवे तुमच्या देवघरातल्या समईएवढे आहेत."

फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही दोघं पहाटे निघालो. आईनं गाडीला हळद-कुंकू लावलं आणि तिची जुनी उशी पुढच्या सीटवर ठेवली. "पाठीला घे गं, तिथे एक स्प्रिंग टोचते," असं सुनेला सांगितलं. ती स्प्रिंग कुठे टोचते हे मला माहीत नव्हतं. तीस वर्षं अण्णांच्या शेजारी ती बसली होती, मी नव्हे.

पहिल्या दिवशी मी गाडी चालवत नव्हतो, गाडीचे आवाज ऐकत होतो. हा खडखडाट कुठला, ती शिट्टी कशाची, वास कसला येतोय! खंबाटकीचा घाट दुसऱ्या गिअरमध्ये चढताना माझी नजर रस्त्यापेक्षा पाण्याच्या काट्यावर जास्त होती. काटा वर गेला आणि थांबला. घाटमाथ्यावर आलो तेव्हा मी इतका सुस्कारा सोडला की बायकोला हसू आलं. कऱ्हाडच्या पुढे मात्र गाडीनं आपला सूर पकडला. जुन्या इंजिनाला एक लय असते. पंचावन्नच्या आसपास ती सापडली की सगळे खडखडाट एकमेकांत मिसळतात आणि मग काही टोचत नाही.

आमच्या घरात नवी गाडीही आहे. तिच्यात बसलं की काचा बंद, थंड हवा, गाणी, आणि बाहेरचं जग सिनेमासारखं. फियाटमध्ये तसं नाही. पुढच्या दाराची तिकोनी काच फिरवली की वारा थेट छातीवर येतो. त्या वाऱ्याबरोबर निपाणीजवळ तंबाखूचा वास आला, धारवाडच्या आसपास ओल्या मातीचा आणि दावणगेऱ्याला कुठल्या तरी हॉटेलातल्या लोण्याच्या डोशाचा. तिथे आम्ही थांबलोच. पायाशी इंजिनाची धग येते, दुपारी ती नकोशी होते. स्टिअरिंग उभ्या गाडीत वळवायचं तर खांदे दुखतात, चालती झाली की हलकं होतं. पुढची सीट अखंड, त्यामुळे वळणावर बायको आपोआप माझ्याकडे सरकायची. "लग्नानंतर पहिल्यांदाच इतका वेळ इतक्या जवळ बसलोय," असं ती हुबळीजवळ म्हणाली. ते कौतुक होतं की तक्रार, हे मी विचारलं नाही.

आणि माणसं! पेट्रोल पंपावर पाच मिनिटांचं काम असायचं, तिथे पंचवीस मिनिटं जायची. बेळगावला एक वृद्ध गृहस्थ काठी टेकत आले, दार उघडून बसू का म्हणाले, बसले आणि गिअरच्या दांड्यावर हात ठेवून नुसते शांत राहिले. उतरताना म्हणाले, "माझ्या थोरल्या भावाकडे होती. हॉस्पिटलात पोरगी झाली तेव्हा हिच्यातूनच घरी आणली." चित्रदुर्गला शाळेतल्या एका पोरानं विचारलं, "अंकल, ह्याला रिव्हर्स कॅमेरा आहे का?" मी मान मागे वळवून दाखवली. त्याला ती गंमत फार आवडली. ट्रकवाले ओव्हरटेक करताना आधी हॉर्न मारून शिव्या द्यायच्या तयारीत असायचे. जवळ आले की चेहरा बदलायचा आणि खिडकीतून हात बाहेर यायचा.

चौथ्या दिवशी होसूरहून निघालो आणि त्या दिवशी आमची परीक्षा झाली.

धर्मपुरीच्या पुढे सेलमकडे जाताना तोप्पूरचा घाट लागतो. उतार लांबलचक आहे आणि जड वाहनांच्या अपघातांसाठी तो बदनाम आहे. अण्णांचा एक नियम होता. ज्या गिअरमध्ये घाट चढाल, त्याच गिअरमध्ये उतरा. मला तो पाठ होता. पण चार दिवस गाडी इतकी नीट चालली होती की मी जरा सैल झालो होतो. त्यात मागे एक कंटेनर हॉर्नवर हॉर्न मारत होता. मी टॉप गिअरमध्येच उतार घेतला आणि ब्रेकवर पाय ठेवून ठेवून उतरू लागलो. फियाटला चारही चाकांना जुन्या पद्धतीचे ड्रम ब्रेक. सतत दाबले की ते तापतात आणि तापले की धरत नाहीत. तिसऱ्या वळणानंतर पेडल मऊ लागलं. पुढच्या वळणावर ते जवळजवळ फळीला टेकलं.

त्या दोन-तीन क्षणांत माझ्या अंगाला घाम फुटला. पेडल भराभर दोन-तीनदा मारलं, क्लच दाबून तिसरा, मग इंजिनाचा आरडाओरडा ऐकत दुसरा गिअर टाकला. गाडीनं मान खाली घातल्यासारखं केलं आणि वेग उतरला. हँडब्रेक हळूहळू ओढत रुंद जागा बघून कडेला घेतली. कंटेनर गर्जना करत निघून गेला. चाकांतून जळका वास येत होता. बायकोनं दाराची मूठ दोन्ही हातांनी धरली होती, ती सोडायला तिला वेळ लागला. मग ती फक्त एवढंच म्हणाली, "अण्णा काय सांगायचे?"

मी उत्तर दिलं नाही. आम्ही पाऊण तास तिथे थांबलो. चाकं निवली, ब्रेक परत आले. उरलेला उतार दुसऱ्या गिअरमध्ये, मागच्यांच्या शिव्या खात उतरलो. त्या पाऊण तासात मला एक गोष्ट स्पष्ट कळली. मी गाडी सांभाळत होतो असं मला वाटत होतं, पण मी फक्त तिचा पत्रा सांभाळत होतो. तिला चालवायचं कसं, हे शहाणपण अण्णांबरोबर गेलं होतं. जे थोडं माझ्याकडे उरलं होतं, तेही न वापरून गंजत होतं.

रात्री मुक्काम नामक्कलला केला. सकाळी बघतो तर मागच्या उजव्या टायरच्या आतल्या बाजूला ओला डाग. ब्रेक ऑईल गळत होतं. लॉजच्या माणसाला हातवारे करून विचारलं. तो हसला, कारण नामक्कलमध्ये मेकॅनिक कुठे मिळेल हा प्रश्नच चमत्कारिक. हे गाव लॉरीवाल्यांचं. इथे ट्रकच्या बॉडी बांधतात आणि इथले ट्रक सगळ्या देशात फिरतात. त्यानं आम्हाला एका गॅरेजकडे धाडलं.

गॅरेजचे मालक साठीच्या पुढचे, लुंगी वर खोचलेले. मोडकंतोडकं हिंदी बोलायचे. तरुणपणी ट्रक घेऊन नाशिकला कांदा भरायला येत असत, त्यामुळे 'चला', 'थांबा', 'किती झाले' हे मराठी शब्दही त्यांना येत होते. चाक काढून त्यांनी ड्रम उघडला. व्हील सिलिंडरमधला रबरी कप गेला होता. आदल्या दिवशीच्या उष्णतेनं त्याचं काम पूर्ण केलं असणार. मी बिस्किटाचा डबा पुढे केला. त्यातले कप बघून ते खूश झाले. मग माझ्याकडे वळून त्यांनी सगळ्या चाकांचे ड्रम उघडायला लावले. "एक गया, मतलब बाकी तीन भी उसी दिन का है." दोन तासांत चारही चाकांचं काम झालं, ब्रेकमधली हवा काढली, नवं ऑईल भरलं.

पैसे विचारले तर त्यांनी सामानाचे आणि पोऱ्याच्या मजुरीचे तेवढे सांगितले. स्वतःचे घेईनात. त्याऐवजी त्यांनी एक मागणी केली. गाडी एक फेरी चालवू द्या. ते ड्रायव्हिंग अशाच एका फियाटवर शिकले होते. मी चावी दिली. लुंगी सावरून ते बसले आणि कोपऱ्यावर वळून दिसेनासे झाले. बायको म्हणाली, "आले नाहीत तर?" दहा मिनिटांनी आले. गाडीतून उतरून त्यांनी बॉनेटवर हलकेच थाप मारली आणि मला दुसऱ्या गिअरकडे बोट दाखवून सांगितलं की तिथे थोडी कुरकुर आहे, पण काळजी करू नका, ती जुनीच आहे.

मुसिरीवरून कावेरीच्या काठाकाठानं तिरुची आणि तिथून तंजावर. दुपार कलल्यावर लांबूनच देवळाचं शिखर दिसलं आणि मी गाडी कडेला थांबवली. राजराज चोळानं बांधलेलं हे देऊळ १०१० मध्ये पूर्ण झालं. त्यानंतर साडेसहाशे वर्षांनी, १६७५ च्या सुमारास, व्यंकोजीराजे तंजावरचे राजे झाले आणि १८५५ पर्यंत भोसल्यांचा वंश इथे नांदला. सरफोजीराजांनी सरस्वती महाल ग्रंथालय वाढवलं आणि १८०३ मध्ये भोसले कुळाचा इतिहास या देवळाच्या भिंतीवर मराठीत कोरवून घेतला.

तो लेख आम्ही शोधून काढला. आवाराच्या भिंतीवर ओळींमागून ओळी, संपतच नाहीत. आजूबाजूला तमिळ, मागे घंटा, आणि समोर दगडावर आपली भाषा. अण्णांची डायरी मी पिशवीत घेतली होती. बायकोनं ती बाहेर काढली आणि बेताचं पान उघडून हातात धरलं. मी काही ओळी अडखळत मोठ्यानं वाचल्या. सगळ्या समजल्या असं नाही, अण्णांना समजल्या असत्या. एक तमिळ कुटुंब थांबून ऐकू लागलं तेव्हा मी थांबलो. संध्याकाळी आईला फोन केला. म्हटलं, "बघितला शिलालेख." तिकडून थोडा वेळ काहीच आवाज आला नाही. मग तिनं विचारलं, "गाडी दुसऱ्या गिअरात अजून कुरकुरते का रे?"

परतीचा प्रवास शहाण्यासारखा केला. तोप्पूरचा घाट या वेळी चढायचा होता आणि भर दुपारी इंजिन आचके देऊन बंद पडलं. पेट्रोलची उष्णतेनं पाईपमध्येच वाफ झाली होती. घाबरण्यासारखं काही नव्हतं. बायकोनं तिच्या जुन्या ओढणीचा तुकडा भिजवून फ्युएल पंपावर गुंडाळला, आम्ही झाडाखाली बसून पेरू खाल्ले, वीस मिनिटांनी गाडी सुरू झाली. अकराव्या दिवशी आम्ही पुण्यात होतो. काट्यावर सव्वीसशे किलोमीटर, २०८ लिटर पेट्रोल, म्हणजे लिटरला साडेबारा. दीड लिटर इंजिन ऑईल वरून घालावं लागलं. तळमजल्यावरच्या काकांनी गाडीभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाले, "ट्रक नाही लागला तर!"

लोक विचारतात, मग कशी वाटली गाडी? तेव्हा मी दोन्ही बाजू सांगतो. या गाडीत सीट बेल्ट नाहीत, एअरबॅग नाहीत, तिचे ब्रेक आजच्या वेगासाठी बनलेले नाहीत. धूरही ती नव्या गाडीपेक्षा जास्त सोडते. आमचा नातू आला की त्याला मी हिच्यातून हायवेवर नेत नाही आणि नेणारही नाही. जुनं ते सगळं सोनं, असं म्हणायला मी तयार नाही. तोप्पूरच्या उतारावर ते मत कायमचं पुसलं गेलं. पण हेही खरं की नव्या गाडीत काही बिघडलं तर मी फोन करतो आणि वाट बघतो. या गाडीत काही बिघडलं की मला खाली उतरावं लागतं, बघावं लागतं, कुणाला तरी विचारावं लागतं. सव्वीसशे किलोमीटरमध्ये मी जितक्या अनोळखी माणसांशी बोललो, तितका नोकरीच्या शेवटच्या दहा वर्षांत बोललो नसेन.

ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांहून जुन्या मोटारींच्या रजिस्ट्रेशन नूतनीकरणाचं शुल्क पाच हजारांवरून दहा हजार रुपये झालं. एजंटाचा लगेच फोन आला. "साहेब, आता तरी व्हिंटेज करा. पाच वर्षांचे दहा आणि दहा वर्षांचे वीस, हिशेब तोच, वर तपासणीची कटकट नाही." हिशेब त्याचा बरोबर होता. ज्यांच्या गाड्या खरोखर दुर्मिळ आहेत, ज्यांचा एक भाग मोडला तर जगात दुसरा मिळायचा नाही, त्यांच्यासाठी तो नियम चांगलाच आहे. पण आमची फियाट दुर्मिळ नव्हती. ती लोकांना दवाखान्यातून घरी आणणारी, लग्नाला नेणारी, टॅक्सी म्हणून राबणारी गाडी होती. चालणं हाच तिचा इतिहास. मी तपासणीसाठी गाडी घेऊन गेलो, दहा हजार रुपये भरले आणि पाच वर्षांसाठी साधं रजिस्ट्रेशन करून आणलं. पाच वर्षांनी माझे गुडघे आणि तिचे ब्रेक दोन्ही पुन्हा तपासू. त्यातलं एक जरी नापास झालं, तर तेव्हा व्हिंटेजचा विचार करू.

रजिस्ट्रेशन झालं त्याच आठवड्यात आईला वाईला नेलं. वाई तिचं माहेर. पुढच्या सीटवर, आपल्या जुन्या जागी, पाठीशी उशी घेऊन ती बसली. बायको मागे. खंबाटकीचा घाट चढून गाडी माथ्यावर आली आणि उतार सुरू झाला. मी हात गिअरकडे नेत होतोच, तेवढ्यात आई समोर बघतच म्हणाली, "दुसऱ्यातच ठेव हो. चढताना होता तोच."

गिअर टाकताना नेहमीची कुरकुर झाली. आईनं मान हलवली, आणि आम्ही सावकाश खाली उतरलो.